कानाने पास केलेलं इंजिन

३ मार्च, सोमवार

झालं! इंजिन ठरलं. मी ठरवलं.

ठळक लिही गं. "मी"च्या खाली रेघ मार.

गेले तीन आठवडे नातीने डोकं खाल्लं होतं. ह्यांच्या पिकअपच्या इंजिनाला भेग गेली. ह्यांच्या मागे गॅरेज चालवते ती हीच. म्हणते, दुसरं बसवायचं तर दमदारच बसवायचं. का? तर तेवीस तारखेला खाणीच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची चढाईची शर्यत आहे. अकरा वळणं, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथून हिला सगळ्यांच्या आधी वर पोचायचंय. वर काय आहे, विचारलं. म्हणाली, "काही नाही, परत खाली यायचं." शाबास!

बाजारात जो तो सांगत होता, आठ सिलिंडरचं टाक. ही म्हणे नाही — सहाच, आणि तेही एका रांगेतले. ह्या बाबतीत आजोबांवर गेलीय. गाडीचं नाक लांब, त्यात सहाची रांग सरळ मावते. आणि रांगेतलं सहाचं इंजिन थरथरत नाही, एकाचा धक्का दुसरा जिरवतो. सहा भावंडं एका बाकावर गुण्यागोविंदाने बसल्यासारखं. मला पोरं पाचच झाली, ती एका बाकावर कधी टिकली नाहीत, ते सोडा.

जुन्या इंजिनांच्या व्यापाऱ्याला सगळे पहिलवान म्हणतात. दोन पावलं चालला की धाप लागते त्याला. त्याच्याकडे दोन इंजिनं निघाली. एक काळं, बिडाचं, आमच्या जुन्याचंच भावंड. पिस्टन मोठे केलेले, वर तीन कार्बुरेटर ओळीने. दुसरं एका पळणाऱ्या मोटारीतून काढलेलं, चांदीसारखं डोकं, मिनिटाला सात हजार गरके मारतं म्हणे. नात काळ्याशी तोंडदेखलं बोलत होती आणि बघत होती चांदीवाल्याकडे.

दोन्ही लोखंडी घोडीवर चढवून चालू केली. मी सळई मागितली. एक टोक इंजिनाला, दुसरं कानामागच्या हाडाला. चाळीस वर्षं हेच करतेय. ह्यांना हात होते, मला कान. आमच्या गॅरेजचा नियम आहे — घेण्याआधी इंजिनाचं खालचं तेलाचं चेंबर उघडून आतली बेअरिंगं डोळ्यांनी बघायची. पण मी कान लावून पास केलं, तर पान्याला हात लावायचा नाही. आजवर एकदाही चुकले नाही. बाजारात मला नावाने कोण ओळखतं? कानवाली आजी!

काळ्यात धप्, धप्, धप्. खोल, जड. चांदीवाल्यात काही नाही. दूध ओतावं तसं. म्हटलं, हेच.

नातीने भर बाजारात मिठी मारली. पहिलवान काहीतरी पुटपुटला. हल्ली लोक पुटपुटतातच फार, तोंड उघडून बोलायचे कष्ट नकोत कुणाला.

५ मार्च, बुधवार

चांदीवाला घरी आला. गॅरेज घराच्या मागेच आहे, त्यामुळे दिवसभर ठोकाठोक. नात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, "चेंबर उघडलंच नाही, आजीने पास केलंय!" मी आपली पदर सावरून बसलेय, जणू काही विशेष नाही.

८ मार्च, शनिवार

आज एक विचित्र झालं.

लिहिणारी माझी, म्हणजे खालच्या मजल्यावरची शिवणवाली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा वर येते. मी बोलते, ती उतरवते. मला अक्षर येत नाही आणि तिला गप्पा येत नाहीत, म्हणून जमतं आमचं. आज ती आली तेव्हा मी तिलाच झापलं — भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, काल सेल आणायला सांगितला होता, आणलास का?

ती घड्याळाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"चालू आहे की, मावशी. टिकटिक ऐकू येतेय."

मी खुर्ची ओढून घड्याळाला कान लावला. काटा पुढे सरकत होता. आवाज नव्हता.

हसले मी. म्हटलं, घड्याळही पुटपुटायला लागलं!

ती हसली नाही. आणि लिहितानाही हसत नाहीये.

९ मार्च, रविवार

झोप नाही.

१० मार्च, सोमवार

घरात कोणी नसताना परीक्षा घेतली स्वतःची. आगपेटी हलवली — नाही. चमचा बशीवर आपटला — जेमतेम. किल्ल्यांचा जुडगा कानाशी धरून हलवला. हलताना दिसतात.

दार आपटलं, ते ऐकू आलं. खालून ट्रक गेला, तोही. म्हणजे जाड आवाज आहेत. बारीक गेलेत.

आणि चांदीवाल्यात मला काय ऐकू आलं होतं? काही नाही. त्या "काही नाही"वर मी पास केलं.

काळ्यात धप् ऐकू आलं, कारण धप् हा जाड आवाज. बेअरिंग झिजायला लागलं की आधी येते ती टकटक, बारीक. ती असली तरी मला कुठून कळणार होती?

१२ मार्च, बुधवार

नातीला सांगितलं, डोळे तपासायला जातेय. शिवणवालीला बरोबर घेतलं आणि गेलो कानाच्या डॉक्टरकडे.

एका खोक्यात बसवलं. कानावर गुबगुबीत टोपणं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ आवाजच येईना, म्हणून मी आपली मधून मधून अंदाजाने दाबत होते. काचेपलीकडची मुलगी आत आली आणि म्हणाली, "आजी, मी अजून सुरू केलं नाहीये."

पकडले गेले!

डॉक्टरने कागद दाखवला. एक रेघ, डावीकडे बरी, मग घसरगुंडी. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळेल असा कागद. "तीन-चार वर्षं तरी झाली असतील," म्हणाला. वय आहे, म्हणाला. यंत्र लावलं तर बोलणं नीट कळेल. मी विचारलं, इंजिन कळेल? त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

तीन-चार वर्षं. म्हणजे ह्याआधीचीही चार इंजिनं मी बहिऱ्या कानाने पास केलीत. चारही चालतायत अजून. माझ्या कानांनी नव्हे, माझ्या नशिबाने.

नातीला सांगितलं, डोळे ठीक आहेत. खोटं नाही ते.

१४ मार्च, शुक्रवार

इंजिन गाडीत बसलं. नात ग्रीसने माखलेली, दात तेवढे पांढरे. म्हणते, "आजी, तू नसतीस तर चेंबर उघडून, बघून, सगळं परत बसवण्यात माझे चार दिवस गेले असते. शर्यत हुकलीच असती." आणि माझ्या गालाला काळा हात लावून पळाली.

सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

काय सांगू? मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही. गॅरेजच्या बिलावर काय लिहिलंय ते मी दुसऱ्याला विचारते. पण इंजिन चालू झालं की आख्खा बाजार गप्प उभा राहून माझ्या तोंडाकडे बघतो. ते गेलं की मागे काय राहतं? चहा करणारी म्हातारी. चहाही काही फार बरा नसतो माझा.

आणि नाही सांगितलं तर?

ह्यांनी मला एकदा दाखवलं होतं. बेअरिंग झिजलेलं इंजिन कोणीतरी जोरात ताणलं. आतला दांडा तुटला आणि ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. मुठीएवढं भोक. तेल सगळं चाकांवर. ती गाडी सपाट रस्त्यावर होती म्हणून माणूस वाचला. खाणीच्या रस्त्यावर अकरा वळणं आहेत. आणि ही सात हजार गरक्यांची भाषा करते.

पण असेलच असं कुठे आहे? इंजिन चांगलंही असेल. आधीची चार होती ना चांगली?

शिवणवालीने लिहिता लिहिता मान वर केली. मी म्हटलं, लिही. मान खाली.

१९ मार्च, बुधवार

दोन दिवस वही कोरी. बाईने संप केला!

सोमवारी आली, बसली, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही पोरीला सांगत नाही तोवर मी एक अक्षर लिहिणार नाही."

मी म्हटलं, तुझं काम लिहायचं, कीर्द लिहिणारा कधी शेठला शहाणपण शिकवतो का? ती म्हणाली, "माझं काम शिवायचं. हे मी फुकट करते." आणि गेली खाली. काल तर आलीच नाही. मी जिन्यातून दोनदा हाक मारली. तिने ओ दिली की नाही, ते मला कसं कळणार!

आज मीच गेले खाली. म्हटलं, आधी खात्री तर करू. पोरीला उगाच घाबरवायचं आणि इंजिन निघायचं ठणठणीत! नात टायर आणायला गेली होती, दीड तास मोकळा होता. शिवणवालीला हाताला धरून मागे नेलं. गाडी चालू केली, सळई तिच्या हातात दिली. कुठे टेकवायची, कानाच्या मागे कुठलं हाड, सगळं दाखवलं. बाई आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाजवळ गेली, साडी अशी गोळा करून की जणू चिखलात उभी आहे.

मी आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. सोडला. दाबला. सोडला.

चौथ्या वेळी तिने हात वर केला.

"दाबल्यावर काही नाही, मावशी. सोडल्यावर आहे."

काय आहे?

"टक-टक-टक. सुई वाकली की खालच्या पत्र्याला लागते ना, तसं. अगदी बारीक. तुम्ही ऐका."

मी उतरले. सळई लावली. तिने आत बसून पाय दाबला आणि सोडला. दूध. नुसतं दूध.

चौथ्या-पाचव्या सिलिंडरच्या मध्ये सळई टेकवली तेव्हा सगळ्यात जास्त, म्हणाली. तिला मी न सांगता तिने जागा हुडकली.

पोरीला सांगेन म्हणून कबूल केलं, तेव्हा कुठे हे लिहायला बसलीय.

२० मार्च, गुरुवार

उद्या सांगते. शपथ.

२१ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

दुपारी, गॅरेजमध्ये. ती गाडीखाली होती, नुसते पाय बाहेर. पायांशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं. सगळं सांगितलं. घड्याळ, खोकं, कागद, चार इंजिनं, टकटक.

पाय हललेच नाहीत. मग ती सरपटत बाहेर आली आणि — हसली!

"आजी, कमाल आहे तुझी. शर्यतीला जाऊ नको म्हणून आता बहिरी झालीस होय?"

मी म्हटलं, अगं, खरं.

"गेल्या महिन्यात पाय मुरगळला होता तुझा. मी नाव नोंदवायला निघाले त्याच दिवशी. त्याआधी चक्कर. आता कान. परवा शर्यत आहे, आणि तुला आज आठवलं?"

पाय खोटाच होता, ते कबूल. चक्कर अर्धी खरी.

"आणि टकटक कोणी ऐकली? शिवणवाल्या मावशींनी? आजी, त्यांना हॉर्न कुठे असतो ते माहीत नाही!"

मी बोलत राहिले. ती पाने पुसत राहिली. जन्मभर हिची थट्टा केली, हिला गंडवलं, दर खेपेला हसवलं. खरं बोलायची वेळ आली तर माझ्या तोंडावर विश्वास ठेवायला कोणी नाही. जिभेने स्वतःची अशी जिरवून घेतलेली दुसरी बाई मी पाहिली नाही.

शेवटी म्हटलं, बघ करून. मी पाठ करून उभी राहते. तू मागे काहीही वाजव. बारीक काहीतरी. मी काही ऐकलं तर मान हलवीन, आणि मग खुशाल जा तू परवा.

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. भिंतीवर ह्यांच्या पान्यांच्या खुणा आहेत, प्रत्येक पाना टांगायच्या जागी त्याचा आकार रंगवलेला. मी ते मोजत होते. चौदा मोजले. मनात म्हणत होते, आवाज येऊ दे. येऊ दे आवाज, मी खोटारडी ठरू दे.

मग खांद्यावर तिचा हात आला. वळून बघितलं तर रडत होती.

तिने काय वाजवलं, ते मला अजून माहीत नाही.

२२ मार्च, शनिवार

तिने रातोरात नाही, आज सकाळी शांतपणे चेंबर उघडलं. मी स्टुलावर. शिवणवाली दारात, दुकान बंद ठेवून.

एकेक बेअरिंग काढून कापडावर मांडत गेली. पहिलं राखाडी, गुळगुळीत. दुसरं तसंच. तिसरं, चौथं ठीक. पाचवं तिने काढलं आणि तसंच हातात धरून बसली. वरचा थर पार गेलेला, आतलं तांबं लखलखत होतं. ते ज्यावर फिरतं त्या क्रँकच्या दांड्यावर नख अडकेल असा चरा.

पहिलवानाने जाडं तेल ओतून टकटक दाबली होती, हेही तेव्हाच कळलं. त्याला नंतर बघू. दाबूनही शिवणवालीला ऐकू आली. पाच वर्षांमागे मलाही आली असती.

नातीने कापडाची चार टोकं उचलली, गाठ मारली आणि बेअरिंगं खणात ठेवली. म्हणाली, "कितव्या वळणावर झालं असतं गं?"

मला नाही माहीत. मी म्हटलं, पाचव्यावर. उगाच.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

२३ मार्च, रविवार

शर्यत आज. गाड्या आमच्याच रस्त्याने गेल्या. जाड आवाज होते, सगळे ऐकू आले.

२५ मार्च, मंगळवार

बोलली! पण काय बोलली, तर, "त्या चार गिऱ्हाइकांना फोन कर."

मी म्हटलं, तू कर ना. म्हणाली, "पास तू केलीस."

केले. नंबर तिने लावून दिला, बोलले मी. तीन वेळा मोठ्याने म्हणावं लागलं, मला कमी ऐकू येतं, तुमचं इंजिन उघडून तपासून देतो. एकाने ओरडून विचारलं, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, कानवाली आजी. दुसऱ्याने फोन आपटला, ते आपटणं मात्र छान ऐकू आलं. तिसरी बाई म्हणाली, या की चहाला, कधीपासून बोलावतेय. चौथ्याने उद्याच गाडी आणतो म्हटलं.

जीभ इतकी जड कधी झाली नव्हती. फोन ठेवला तेव्हा नातीने समोर चहा ठेवलेला. तिने केलेला. माझ्यापेक्षाही वाईट.

२७ मार्च, गुरुवार

नात पहिलवानाकडे गेली, चांदीवाला त्याच्या अंगणात उतरवून ठेवला आणि काळ्याचं चेंबर तिथेच उघडलं. सहाच्या सहा बेअरिंगं राखाडी. मग ते धप्, धप्? धुराचा पाइप सैल होता आणि घोडीच्या पायावर आपटत होता! इंजिनाचा आवाजच नव्हता तो. एवढाच काय तो मला स्पष्ट ऐकू आला, आणि तेवढ्यावर मी त्याला नापास केलं.

काळं घरी आलंय. सात हजार गरके मारत नाही ते, साडेपाचातच दमतं. पण घोडीवर चालू करून तीन कार्बुरेटर एकदम उघडले की खालून असं रेटतं, की नात म्हणाली, "आजोबांना हेच आवडलं असतं." मला ते रेटणं ऐकू आलं. पायातून.

शर्यत पुढच्या वर्षी. तोवर मी पाय मुरगळायचा नाही, असं कबूल करून घेतलंय माझ्याकडून.

२९ मार्च, शनिवार

आज नात वर आली, तेव्हा आम्ही लिहायला बसलो होतो. माझ्याकडे बघितलं नाही. सळई घेतली होती हातात, ती तिने शिवणवालीच्या पुढ्यात ठेवली. "मावशी, सकाळचे दोन तास गॅरेजला याल?"

शिवणवालीने पेन ठेवलं. सळई उचलली. मला विचारलंसुद्धा नाही! मग माझ्याकडे वळून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आवाज मी सांगेन. त्याचा अर्थ काय, ते तुम्ही सांगा."

म्हटलं, आधी तिथे साडी गोळा न करता उभं राहायला शीक, आणि स्टूल दोन लागतील.